कानतुटकी मेंढी आणि सहावं रीळ

मालक सांगलीहून तासगावला आले ते थेट तंबूत शिरले. दुपारची वेळ होती. हवालदार पडद्यापुढं उभा राहून भोंगा पुसत होता. मालकांनी टोपीसुद्धा काढली नाही.

"काय हो, काल माणसं किती होती?"

"त्रेसष्ट, मालक."

"शेवटपर्यंत किती बसली?"

हवालदारानं नजर खाली घातली. आकडा माझ्या वहीत होता. चौतीस. मी वही उघडली नाही.

"चित्र रंगीत आहे. मशीन चांगलं आहे. जागा बाजाराची आहे. मग पडतंय कुठं? सांगण्यात पडतंय! तुम्ही सांगता ते लोकांच्या गळी उतरत नाही. आता जत्रेचे पाच दिवस देतो. तिथंही लोक उठून गेले, तर तुम्ही तुमच्या गावी जायचं. दुसरा माणूस बघतो मी."

"जी, मालक," हवालदार म्हणाला आणि परत भोंगा पुसू लागला. भोंगा मघाशीच स्वच्छ झाला होता.

इथं आमचा धंदा थोडक्यात सांगतो. आमची टूरिंग टॉकीज होती, म्हणजे तंबूतला फिरता सिनेमा. सातारा जिल्हा आणि आजूबाजूच्या संस्थानांची गावं धरून आम्ही वर्षातले आठ महिने फिरत असू. मी मॅनेजर. सगळे मला अण्णा म्हणत. दस्तगीर हा मिरजेचा ऑपरेटर मशीन चालवी. इंग्रजी चित्र लावलं, की पडद्याशेजारी एक माणूस भोंगा घेऊन उभा राही आणि काय चाललंय ते मराठीत सांगे. आम्ही त्याला 'सांगणारा' म्हणत असू. त्या वर्षी आमचा सांगणारा होता शंकर हवालदार.

हवालदार कराडजवळच्या मलकापूरचा. लढाई संपल्यावर पलटणीतून सुटून आलेला. इंग्रजी बोलणं कळायचं, आवाज कवायतीचा. घरी ऊस होता, पण भाऊ तीन. तो आला तोवर दोघांनी शेत वाटून सांभाळायला घेतलं होतं, आणि याला तिथं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. "गड्या, घरात मी पाव्हना झालुया," असं तो दस्तगीरला एकदा म्हणाला होता. आमच्या तंबूत मात्र दोन महिन्यांत तो रुळला. भोंगा हातात आला की त्याची पाठ सरळ होई. ही नोकरी गेली असती, तर तो परत पाहुणाच झाला असता. हे मला माहीत होतं.

आता चित्राविषयी. ते परदेशी होतं आणि त्यात एकही माणूस खरा नव्हता. सगळी हातानं काढलेली, हलणारी, बोलणारी चित्रं. लांडग्याचं एक पिल्लू आईपासून चुकतं. एका मेंढीचं कोकरू मेलेलं असतं. धनगर त्या कोकराचं कातडं पिल्लाच्या पाठीवर बांधतो आणि मेंढीच्या कासेला लावतो. मेंढी त्याला आपलं समजते. पिल्लू कळपात वाढतं, बें बें करायला बघतं, कोकरं त्याला हसतात. मग एक दिवस त्याला पाण्यात आपलं तोंड दिसतं. पुढं रानातले लांडगे भेटतात. ते म्हणतात, तू आमचा. उद्या रात्री आतून फाटक उघड.

एवढं पाच रिळांत होई. रीळ म्हणजे फिल्मचं भेंडोळं, एक रीळ सुमारे दहा मिनिटं चाले. आमच्याकडं मशीन एकच, त्यामुळं प्रत्येक रिळानंतर दिवा लावून पुढचं चढवावं लागे. चित्र आठ रिळांचं होतं.

आम्ही सात दाखवत होतो. सहावं रीळ मी काढून ठेवलं होतं.

असं करणारा मी काही एकटा नव्हतो. तेव्हा बरेच तंबूवाले रीळ गाळत. चित्र आखूड झालं की संध्याकाळी एक खेळ जास्त बसतो. त्यातून हे सहावं रीळ सगळं अंधारातलं. गाणं नाही, हसणं नाही. शिवाय त्याची भोकं फाटलेली. फिल्मच्या दोन्ही कडांना बारीक भोकं असतात, मशीनचे दात त्यांत अडकून फिल्म पुढं ओढतात. भोकं फाटली की फिल्म दिव्यासमोर अडकते, आणि त्या काळची फिल्म पेटायला निमित्त लागत नसे. मी कारणांची यादी केली. बाजूनं चार कारणं निघाली, विरुद्ध एकही नाही. रीळ ट्रंकेत टाकलं.

हवालदार तेव्हाच मला म्हणाला होता, "अण्णा, त्यो फाटक उघडायला निघतुय आन पुढच्या रिळात मेंढरांसंगं बसतुय. मधलं मी काय सांगू?"

"एक वाक्य टाका. 'मग पिल्लाला पश्चात्ताप झाला.' झालं."

"आन लोकांनी इचारलं तर?"

"चित्रातल्या मेंढ्यांबद्दल कोण विचारतंय हवालदार?"

त्यानं वाक्य आपल्या सांगायच्या वहीत लिहून घेतलं. हुकूम म्हणजे हुकूम.

मालक गेल्यावर मी वही काढली. रोज कोणत्या रिळानंतर किती माणसं उठली, हेही मी लिहीत असे. तासगावचे चारही दिवस बघितले. लोक उठत होते ते पाचव्या आणि सातव्याच्या सांध्यावर. चारही दिवस तिथंच. चार दिवस मी तो आकडा लिहीत होतो, वाचत नव्हतो. आता वाचला. तरी मालकांच्या मागं धावत गेलो नाही. म्हटलं, जत्रेत बघू.

जत्रा पूर्वेच्या माळावर, बिरोबाची. तिकडचा मुलूख कोरडा, वस्ती बरीचशी मेंढपाळांची. आम्ही देवळापासून हाकेच्या अंतरावर तंबू ठोकला. पहिला खेळ दिवेलागणीला. मालक स्वतः हजर, मागं खुर्ची टाकून बसलेले. पुढं जमिनीवर घोंगड्या अंथरून चारशेच्या वर माणसं.

पडद्यावर लांडग्याचं पिल्लू आलं आणि तंबूत एकच ओरडा झाला.

"हाण रं त्येला!"

"आरं, लांडगं हाय! काठी कुठं गेली?"

एक काठी खरंच पडद्याच्या दिशेनं आली आणि खांबाला लागून पडली. बाहेर कुत्री भुंकायला लागली. हवालदारानं भोंगा उचलला.

"थांबा की दादा! अजून त्याचं डोळं बी उघडलं न्हाईत. वाईच मोठं हू द्या, मग हाणा!"

लोक हसले. मग मेंढी आली आणि हसणं थांबलं. ती कातडं हुंगते, मागं सरते, परत हुंगते. बायकांच्या बाजूनं आवाज आला, "आगं, बघ की! आपल्यावानीच कातडं बांधलंय त्येनी." एका म्हातारीनं तर मेंढीला समजावलंच, "घे बाई पदरात, घे."

तासगावात याच ठिकाणी लोक जांभया देत होते.

पाचवं रीळ संपलं. हवालदार भोंग्यातून म्हणाला, "मग पिल्लाला पश्चात्ताप झाला." दस्तगीरनं सातवं चढवलं. दोन मिनिटं गेली असतील. पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठून उभा राहिला. त्याच्या पटक्याची सावली अख्ख्या पडद्यावर पडली.

"थांबवा रं ते!"

दस्तगीरनं मशीन बंद केलं, दिवा लावला. म्हाताऱ्याचं नाव बिराप्पा. जत्रेच्या मानकऱ्यांपैकी एक, असं मागून कळलं. खांद्यावर घोंगडी, हातात काठी.

"काय झालं आप्पा?" हवालदारानं विचारलं.

"कानतुटकी का लंगडती?"

"कोण?"

"मेंढी रं! डावा कान फाटल्याली. त्येची आई. मगा चारी पायांवर धड हुती. आता उजव्या फऱ्यात लंगडती. आन त्या लांडग्याच्या नाकाडावर वळ हाय. खपली धरल्याला वळ हाय, दोन-चार दिसांचा. मधी काय झालं?"

मी ते चित्र तोवर अकरा वेळा बघितलं होतं. मेंढीचा कान फाटका आहे, हे मला त्या क्षणी कळलं.

दुसरा एकजण बसल्या जागेवरून म्हणाला, "आन मेंढरं येकवीस हुती. आता इस हायत. काळतोंडी न्हाई त्यात."

"व्हय व्हय, काळतोंडी कुठं गेली?"

"ह्यो म्हंतुय पश्चात्ताप झाला. पश्चात्तापानं पाय मोडतुय व्हय रं?"

तंबू खो खो हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. बिराप्पा हसला नाही. त्यानं काठी हवालदाराकडं केली. "आमाला येडं समजलास काय? मधलं कापलंय तुमी. आमी मेंढरं तोंडावरनं वळखतो. शंभरातलं येक न्हाई दिसलं, तर जेवत न्हाई. सांग, कुणी कापलं?"

हवालदारानं माझ्याकडं बघितलं नाही. समोर बघत ताठ उभा राहिला. त्याचं हे उभं राहणं मला सगळ्यात जास्त लागलं.

मागं मालक खुर्चीवरून उठले. "हवालदार, खाली या! अण्णा, याला उद्या सकाळच्या गाडीत बसवा. पुरे झालं हे."

मी चालत पुढं गेलो. घोंगड्यांमधून वाट काढत पडद्यापर्यंत जायला किती वेळ लागतो, हे त्या दिवशी कळलं. हवालदाराच्या हातून भोंगा घेतला.

"रीळ मी काढलं," मी म्हणालो. "या माणसानं काढू नका म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. खेळ लवकर संपवून दुसरा लावता यावा, म्हणून काढलं. तुमच्या लक्षात येणार नाही, असं मला वाटलं होतं."

मग कुणीतरी म्हणालं, "मग मगाची काठी आणा रं परत!"

या वेळचं हसणं चांगलं होतं. बिराप्पानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मॅनेजर का तुमी?"

"हो."

"मग आता दावा."

"भोकं फाटली आहेत आप्पा. जोडायला तास लागेल."

"तास?" त्यानं मागं वळून विचारलं. "काय रं, बसणार का?"

"बसतु की! आमाला दुसरं काय येतंय? जलम राखणीतच गेला!"

मालक मागून आले होते. चेहरा लाल. "अण्णा, हे काय केलंत? चारचौघांत?"

"मालक, तासगावातही लोक याच जागी उठले. चारही दिवस. वहीत आहे. हवालदाराचा दोष नव्हता. मला त्या दुपारीच कळलं होतं, बोललो नाही."

"आणि आज बोललात ते माझ्या तंबूत, माझ्या गिऱ्हाइकापुढं."

"तिथंच विचारलं त्यांनी."

मालकांनी रुमालानं मान पुसली. "रीळ जोडा," एवढंच म्हणाले.

दस्तगीर आणि मी ट्रंक उघडून बसलो. फाटलेला तुकडा कापायचा, दोन टोकं खरवडायची, फिल्म सिमेंट नावाचा चिकट द्रव लावायचा, दाबून धरायचं. असा एक जोड नीट व्हायला दोन-अडीच मिनिटं लागतात. तेवीस जोड निघाले. दस्तगीर पुटपुटत होता, "अण्णा, येक बी सुटला तर दिव्यापुढं अडकंल. आन अडाकलं की पेटलंच. मग मेंढी बी न्हाई, लांडगं बी न्हाई, तंबू बी न्हाई."

"मी ओलं पोतं घेऊन शेजारी उभा राहतो."

"पोत्यानं काय हुतंय!"

बिराप्पा तिथंच येऊन बघत होता. त्यानं खांद्यावरची घोंगडी काढली आणि पाण्याच्या पिंपात बुचकळून माझ्या हातात दिली. "लोकर हाय. लवकर पेटत न्हाई."

तिकडं हवालदार लोकांत बसला होता. मला बोलणं ऐकू येत होतं.

बिराप्पा परत जागेवर गेला आणि म्हणाला, "काय रं हवालदार, तुला ठावं हुतं, तर बोलला का न्हाईस?"

"पलटणीत तसंच असतंय आप्पा. वरचा चुकला, तर खालच्यानं गप ऱ्हायाचं."

"मग वरच्याला कळायचं कवा?"

हवालदारानं काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. मी जोड दाबून धरला होता.

सहावं रीळ चढलं. दस्तगीरचा हात झडपेवर, म्हणजे दिव्यापुढचा पत्रा पाडून उजेड तोडायच्या दांड्यावर. मी शेजारी, हातात ओली घोंगडी, पाणी पायावर गळतंय. हवालदार पडद्याजवळ गेला. आपली सांगायची वही त्यानं खाली ठेवून दिली.

पडद्यावर अंधार. पिल्लू, आता मोठं झालेलं, फाटकापाशी उभं. बाहेर लांडग्यांचे डोळे. ते हाका मारतायत. आत मेंढ्या झोपलेल्या. पिल्लू फाटकाकडं बघतं, मग बाहेर बघतं, मग मागं.

हवालदार हळू बोलत होता. कवायतीचा आवाज कुठंच नव्हता. "भाईरचं म्हंत्यात, तू आमचा. आतली म्हंती, तू माजा. आपुन कोण, ह्ये त्याला अजून ठावं न्हाई. पर फाटकापाशी आज कोण हाय, ह्ये ठावं हाय. फाटकापाशी त्योच हाय."

पिल्लू फाटकाला पाठ लावून उभं राहिलं.

मग लांडगे आले. काळतोंडी मेंढी कुंपणालगत होती, ती गेली. तंबूतून हाय निघाली. पिल्लाच्या नाकावर वार झाला. कानतुटकी बाहेर धावली, तिच्या फऱ्यात दात बसले. चारशे माणसं गुडघ्यांवर उठून ओरडत होती. "धर! डाव्या अंगाला! डाव्या अंगाला बघ रं!" हे सगळं ते लांडग्याला सांगत होते. दोन तासांपूर्वी ज्याला काठी फेकून मारली होती, त्यालाच.

लांडगे पळाले. उजाडलं. धनगर धावत आला. मेलेली मेंढी दिसली, रक्तानं माखलेलं लांडग्याचं तोंड दिसलं. त्यानं दांडकं उगारलं.

हवालदारानं भोंगा खाली घेतला. मशीनची खडखड तेवढी ऐकू येत होती. मी मनात जोड मोजत होतो. एकोणीस. वीस.

कानतुटकी लंगडत आली आणि मधे उभी राहिली. दांडकं वरच थांबलं.

एकवीस, बावीस, तेवीस. रीळ नीट संपलं. घोंगडी लागली नाही.

"बिरोबाच्या नावानं चांगभलं!" बिराप्पा ओरडला आणि सगळा तंबू ओरडला. पुढच्यांनी कमरेच्या पिशव्या सोडल्या आणि मुठी भरून भंडारा पडद्यावर उधळला. हळदीनं पडदा खालच्या कडेपासून पुरुषभर उंचीपर्यंत पिवळा झाला. दस्तगीर कपाळाला हात लावून म्हणाला, "अण्णा, पडदा गेला!" पण हसत होता.

शेवटची दोन रिळं त्या पिवळ्या पडद्यावरच दाखवली. आता मेंढी लंगडली, तरी कोणी उठलं नाही. ती लंगडली की बायका चुकचुकत. शेवटी लांडगा टेकडीवर राखण बसतो आणि धनगर त्याच्यापुढं दुधाचं भांडं ठेवतो. एकही माणूस आधी उठला नव्हता. मी वहीत पहिल्यांदा शून्य लिहिलं.

दुसऱ्या दिवसापासून तिनाऐवजी दोनच खेळ बसवले, आठही रिळांचे. दोन्हीला तंबूत जागा उरेना. आदल्या दिवशीची माणसं परत येत, ती नव्या माणसांना घेऊन. 'काळतोंडी कुठं जाते ते बघ', असं आधीच सांगून ठेवत. पाच दिवसांचा मुक्काम नऊ दिवसांचा झाला. पुढं तासगावला परत गेलो, तिथंही चाललं. तिथल्या लोकांनी मेंढ्या मोजल्या नाहीत, पण सहाव्या रिळाला श्वास रोखून बसले. मोजल्याशिवायही माणसाला कमी पडलेलं कळतं, फक्त सांगता येत नाही.

जत्रा उठली त्या दिवशी मालकांनी हवालदाराला बोलावलं. मी होतोच.

"हवालदार, तुम्ही राहायचं. तासगावात बोललो ते विसरा."

"ऱ्हातो, मालक. येक हाय पर."

"काय?"

"अण्णांनी सांगितल्यालं वहीतनं न्हाई वाचनार. बघीन आन सांगीन."

मालक हसले. "बरं. आणि अण्णा, तुम्ही."

"जी."

"रीळ काढायला माझी मनाई नाही. धंदा आहे, लागतं कधी. पण इथून पुढं जे काढाल, ते तंबूच्या दारावर पाटीवर लिहायचं. अमुक चित्रातलं अमुक रीळ काढलं आहे. खाली तुमची सही. नुसतं मॅनेजर नाही, पूर्ण नाव."

मी मान डोलावली. वरवर सोपी अट वाटली.

त्यानंतर चार वर्षं मी त्या तंबूत होतो. या काळात पाटी एकदाच रंगवून घेतली. सहीसाठी कुंचला हातात घेतला, नाव निम्मं लिहून झालं आणि मी दस्तगीरला हाक मारून रीळ परत आणायला सांगितलं. फिल्म कापायला कात्री असली की पुरते. सही करायची वेळ आली की हात आखडतो, आणि माझ्या अनुभवात तो वेळीच आखडलेला बरा.